सिंधूचा बाप्तिस्मा

सिंधू बाप्तिस्मा घेणार आहे ही गोष्ट लातूरच्या त्या लहानशा ख्रिस्ती मंडळीत सगळ्यांच्या कानावर गेली होती, फक्त विमलबाईंना कुणी सांगितली नव्हती. शेवटी ती त्यांना त्यांच्या लेकीनं, करुणानं सांगितली, तीही औशाहून फोनवर, नातवाचा खोकला आणि सोयाबीनचा भाव असं सगळं बोलून झाल्यावर.

“आई, एक सांगू का? चिडू नको.”

“सांग की.”

“नांदेडची ती सिंधूबाई हाय ना. ती आपल्या चर्चमध्ये यायली म्हणं. बाप्तिस्मा मागायली.”

विमलबाईंनी फोन एका कानावरून काढून दुसऱ्या कानाला लावला.

“म्हणजे ती लातुरात हाय?”

“लई दिवस झाले. क्लासच्या पोरांच्या मेसमध्ये पोळ्या करती.”

“तुला कुणी सांगितलं हे?”

करुणा गप्प राहिली. त्या गप्प राहण्यातूनच विमलबाईंना कळायचं ते कळलं. आपली लेक त्या बाईशी बोलते. कदाचित भेटतेही. तिच्या हातचा चहासुद्धा पीत असेल. ‘बरं’ एवढंच म्हणून त्यांनी फोन ठेवला.

शेषेराव गायकवाड म्हणजे विमलबाईंचे मालक. ते एसटीत ड्रायव्हर होते. लातूर–नांदेड गाडी त्यांच्याकडे असायची आणि रात्रीचा मुक्काम नांदेडला. स्टँडाजवळच्या एका खानावळीत ते जेवायला जात. तिथं सिंधू काम करायची. ती भोकरकडच्या शेतकरी घरातली, नवऱ्यानं टाकलेली. आधी मुक्काम एक दिवसाचा दोन दिवसांचा झाला, मग शेषेरावांनी बदली नांदेडलाच मागून घेतली, आणि पुढं पुढं ते लातूरच्या घरी पाहुण्यासारखे यायला लागले. आले की करुणाला खाऊ आणायचे, मान खाली घालून जेवायचे, आणि सकाळच्या गाडीनं परत.

विमलबाईंनी आदळआपट केली नाही. माहेरी गेल्या नाहीत की कोर्टाची पायरी चढल्या नाहीत. भावानं पोलिसात जाऊ म्हटलं तर त्यालाच गप्प बसवलं. त्यांनी एकच गोष्ट मनाशी पक्की केली. चांगलं वागायचं. इतकं चांगलं, की बघणाऱ्यानं म्हणावं, असली बायको सोडून हा माणूस गेलाच कसा! अंगणवाडीची नोकरी करून त्यांनी लेकीला शिकवलं, चांगल्या घरी दिलं. एक रविवार कधी चुकवला नाही. महिला मंडळाच्या अध्यक्षा झाल्या. मंडळीत कुणी आजारी पडलं की चर्चच्या पाळकांच्या आधी विमलबाईंचा डबा पोचलेला असायचा. त्यांच्याकडे बोट दाखवायची कुणाची टाप नव्हती, आणि हे त्यांना स्वतःला पुरेपूर ठाऊक होतं.

सिंधूला त्यांनी एकदाच जवळून पाहिलं होतं, नांदेडच्या स्टँडवर. काळीसावळी, किडकिडीत, पुढचे दात जरा बाहेर आलेले. ती देखणी असती तर बरं झालं असतं, माणूस रूपाला भुलला म्हणता आलं असतं. पण ती तशी नव्हती, आणि मग हिच्यात असं काय आहे, जे माझ्यात नाही, हा किडा विमलबाईंच्या डोक्यात जो शिरला तो निघालाच नाही. वांग्याची भाजी करतानासुद्धा मनात यायचं, ती ह्यात काय घालत असेल?

मग शेषेरावांचं अर्धं अंग गेलं. नांदेडलाच ते बरेच महिने अंथरुणाला खिळून होते आणि तिथंच गेले. मयत लातूरला आणली. कबरीत पहिली मूठ माती विमलबाईंनी टाकली. दफनभूमीच्या फाटकाबाहेर, रस्त्याच्या पलीकडे, सिंधू डोक्यावर पदर घेऊन उभी होती. सगळ्यांनी तिला पाहिलं आणि कुणीच पाहिलं नाही असं दाखवलं. त्या दिवशी नवरा गेल्याचं दुःख होतंच, पण मनाच्या तळाशी विमलबाईंना एक थंडावाही वाटला होता. मी आत आहे, ती बाहेर आहे. शेवटी तरी.

आणि आता ती आत यायला निघाली होती.

दुसऱ्या दिवशी त्या पाळकसाहेबांच्या घरी गेल्या. पाळक शरणप्पा हे उदगीरकडचे, घरात कानडी बोलणारे, बोलण्यात घाई नसलेले. किती दिवसांनी नळाला पाणी आलं होतं, म्हणून ते अंगणात पाइप धरून टाक्या भरत होते.

“साहेब, तुम्ही मला सांगितलं न्हाई.”

“सांगणार होतो विमलबाई. धीर होईना.”

“ती कोण हाय तुम्हाला ठाऊक हाय?”

“हाय. पहिल्या दिवशी तिनंच सांगितलं. स्वतःचं नाव सांगायच्या आधी ते सांगितलं.”

“मग?”

“मग काय? तिला प्रभू पाहिजे म्हणती.”

“तिला लई काय काय पाहिजे असतं,” विमलबाई म्हणाल्या. “आधी माझा माणूस पाहिजे होता. आता माझं चर्च पाहिजे. उद्या म्हणंल, कबरीत जागा द्या.”

टाकी भरली होती, पाळकांनी पाइप दुसऱ्या टाकीत सोडला.

“मी ह्या मंडळीसाठी झिजले, साहेब. एक चूक दाखवा माझी.”

“कोण दाखवणार? न्हाईच दिसत.”

“मग मला आन् तिला एकच माप का?”

“माप एकच हाय,” पाळक म्हणाले, “आन् ते तुमच्या वागण्याचं न्हाई, तिच्याबी वागण्याचं न्हाई. देवाला पसंत पडलं असं वागणं एकाचंच झालं, ख्रिस्ताचं. त्याचं नीतिमत्त्व अंगावर घ्यायचं आन् देवासमोर उभं राहायचं. तुम्हीबी तसंच, मीबी तसंच. दर रविवारी मी हेच सांगतो की, बाई. तुम्ही पुढच्या बाकावर बसून मान हलवता.”

विमलबाईंना ते लागलं. त्या निघाल्या. पण पाळकांनी थांबवलं. बाप्तिस्मा मागणाऱ्या बाईची साक्ष, म्हणजे ती प्रभूकडे कशी आली ते, महिला मंडळाच्या अध्यक्षेनं ऐकायची, असा मंडळीचा रिवाज होता, आणि तो विमलबाईंनीच पुढाकार घेऊन पाडलेला. “ह्या वेळी दुसऱ्या कुणाला सांगू का?” पाळकांनी विचारलं.

“नको,” विमलबाई म्हणाल्या. “मीच ऐकते.”

पाळकांनी त्यांच्या तोंडाकडे पाहिलं, पण हो म्हणाले.

मेस क्लासच्या गल्लीत होती. दोन्ही अंगांना होस्टेलच्या पाट्या, झेरॉक्सची दुकानं, पाठीवर दप्तर घेऊन घोळक्यानं चाललेली पोरं. मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये बाया पोळ्या लाटत होत्या. सिंधू तव्यापाशी होती. केस पांढरे झाले होते, मनगटावर भाजल्याचे डाग होते, पण दात तेच. विमलबाईंना पाहिल्यावर तिच्या हातातलं उलथनं थांबलं. तिनं दुसऱ्या बाईला तव्यापाशी बसवलं, पदरानं एक स्टूल पुसलं आणि स्वतः खाली पोत्यावर बसली.

“बसा, बाई.”

विमलबाई बसल्या. काय काय विचारायचं ते त्यांनी वाटेत घोकून ठेवलं होतं.

“प्रभूकडं कशी आलीस, सांग.”

“हे आजारी असताना नांदेडचे पाळक घरी यायचे. ह्यांच्यासाठी यायचे. मी कोपऱ्यात बसून—”

“हे म्हणू नको,” विमलबाईंचा आवाज चिरका झाला. लाटणाऱ्या बाया वळून पाहायला लागल्या. त्यांनी आवाज खाली घेतला. “नाव घे. न्हाईतर ड्रायव्हर म्हण.”

“चुकलं,” सिंधू म्हणाली. “ड्रायव्हरसाहेब. तर पाळकांनी एक दिवस त्यांना विचारलं, देवापुढं जायची वेळ आली तर कशाच्या भरवशावर जाणार? तोंड वाकडं झालेलं, नीट बोलता येईना, तरी ते म्हणाले...” सिंधू थांबली.

“काय म्हणाले?”

“म्हणाले, माझी बायको लई देवभक्त हाय. तिनं जन्मात कुणाचं वाईट केलं न्हाई. तिच्या पुण्याईवर माझं निभंल.”

विमलबाईंच्या छातीत एकदम ऊब दाटून आली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. म्हणजे त्याला कळलं होतं! अंथरुणावर पडल्यापडल्या, ह्या बाईच्या घरात, ह्या बाईच्या देखत तो माझं नाव घेत होता. त्यांनी मान ताठ केली.

“मग पाळक काय म्हणाले?”

सिंधूनं मान खाली घातली. “नका विचारू.”

“सांग. साक्ष सांगायलीस तर सगळी सांग.”

“म्हणाले, शेषेराव, तुमच्या बायकोची पुण्याई तुम्हाला कुठली पुरंल, ती तिची तिलाच पुरायची न्हाई. कुणाचीच पुरत न्हाई. म्हणून तर प्रभूला यावं लागलं. ते ऐकून ड्रायव्हरसाहेब लई रडले. आन् मला कोपऱ्यात बसून वाटलं, एवढ्या चांगल्या बाईचंबी भागत न्हाई आन् तिलाबी प्रभूच लागतो, तर मग माझ्यासारखीनं दारातून परत कशाला जायचं? तिला जिथनं मिळतं तिथनंच मलाबी मिळंल. तेव्हापासनं मी त्याला धरलं.”

छातीतली ऊब गेली होती. विमलबाईंना भर दुपारी त्या तापल्या पत्र्याखाली हातपाय गार पडल्यासारखं वाटलं. कुणीतरी परका पाळक, त्यांना कधी न भेटलेला, त्यांच्या आयुष्याबद्दल ह्या बाईसमोर असं बोलला होता. आणि तेच ऐकून ही तरली म्हणे!

घोकलेले प्रश्न विसरले. तोंडातून वेगळंच आलं.

“तू सुखात होतीस का गं?”

सिंधूनं वर पाहिलं. तिच्या डोळ्यांत भीती होती, पण ती खोटं बोलली नाही.

“होते, बाई. खोटं कसं सांगू? सुखात होते. आता त्या सुखाची लाज वाटती. ते तुमचं होतं. ते परत द्यायची काही सोय न्हाई, हेच लई जाळतं मला.”

विमलबाई उठल्या. सिंधूनं चहा मागवला होता, तो तसाच राहिला.

पाळकांनी संध्याकाळी विचारलं, “काय म्हणाली?”

“तिला पस्तावा न्हाई,” विमलबाई म्हणाल्या. “तोंडावर म्हणाली मला, मी सुखात होते म्हणून.”

“असं म्हणाली?”

“पाहिजे तर विचारा तिला, हे शब्द बोललीस का म्हणून.”

सिंधूचा म्हणून सांगितलेला एक शब्दही खोटा नव्हता, आणि तरी ते धडधडीत खोटं होतं. पाळक म्हणाले, तुम्ही सांगताय तर थांबू या. तुमच्या शब्दावर आजवर कुणी शंका घेतली नाही.

पुढचा रविवार प्रभुभोजनाचा होता. मंडळी रांगेनं पुढं गेली, गुडघे टेकले, भाकर घेतली, पेला घेतला. बाप्तिस्मा न झालेल्याला ते घेता येत नाही, म्हणून सिंधू मागच्या भिंतीशी बसून राहिली. विमलबाईंनी परत येताना तिच्याकडे पाहिलं, आणि त्यांना गोड वाटलं. खरंच गोड वाटलं, जिभेवर गूळ ठेवल्यासारखं.

पण ते टिकलं नाही. सिंधू रडली असती, पाळकांकडे तक्रार घेऊन गेली असती, रुसून दुसऱ्या चर्चला गेली असती, तर टिकलं असतं. ती तर दर रविवारी येत राहिली. भक्ती ती काय, तीही धड नव्हती. पहाटेपासून पोळ्या करून दमलेली, उपदेश सुरू झाला की पेंगायची. गाणं सगळ्यांच्या मागून एक ओळ उशिरा, बेसूर म्हणायची. एखाद्या रविवारी तर यायचीच नाही. आणि तरी प्रार्थनेला डोळे मिटले की तिच्या चेहऱ्यावर असं काही यायचं, जसं आईच्या कुशीत शिरलेल्या पोराच्या चेहऱ्यावर येतं. विमलबाई एक डोळा किलकिला करून ते पाहायच्या. इतकी वर्षं त्या प्रार्थना करत आल्या होत्या, पण प्रत्येक वेळी त्या देवासमोर उभ्या राहायच्या त्या साहेबाच्या केबिनमध्ये उभं राहावं तशा, कामाचा सगळा पाढा तयार ठेवून. ही मात्र सरळ घरात शिरल्यासारखी आत जात होती. हिनं कुठल्या हक्कानं जावं?

पूर्वी त्यांना वाटायचं, हिनं माझा नवरा नेला म्हणून मी जळते. आता नवरा कबरीत होता आणि जळणं वाढलंच होतं. मध्येच त्यांना ते शब्द आठवायचे. तिची तिलाच पुरायची न्हाई. मग त्या अधिकच कामाला लागायच्या. चर्चची फरशी स्वतः धुऊन काढली. रेणापूरला एका बाळंतिणीसाठी दोन फेऱ्या मारल्या. महिला मंडळात कुणी दमलात का विचारलं तर म्हणायच्या, प्रभूच्या कामात कसला शीण? पण घरी आल्यावर त्या एका अर्ध्या वाक्याचं वजन तसूभरही हललेलं नसायचं.

मंडळीत धुरपताबाई म्हणून एक म्हातारी होती. डोळ्यांनी दिसत नव्हतं, सून कामाला जायची, म्हणून गुरुवारी सकाळी विमलबाई तिला आंघोळ घालायला जायच्या. त्या गुरुवारी त्यांनी म्हातारीचे केस पुसले, लुगडं नेसवलं आणि नेहमीप्रमाणे तिच्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थनेला सुरुवात केली.

“प्रभू, तू सगळं जाणतोस...”

ही त्यांची प्रार्थनेची सुरुवातच होती. ती म्हटली की पुढचं आपोआप यायचं. आज पुढचं आलं नाही. तू सगळं जाणतोस. मेसमधलं जाणतोस. पाळकांच्या घरचं जाणतोस. मागच्या भिंतीशी बसलेल्या बाईला पाहून मला काय वाटलं तेही जाणतोस. त्यांनी घसा खाकरला, पुन्हा म्हणून पाहिलं. पुन्हा तिथंच अडकल्या.

“काय झालं गं?” धुरपताबाईनं विचारलं.

“काही न्हाई, मावशी.”

“मग बोल की.”

“मला त्याला सांगायला काही न्हाई आज,” विमलबाई म्हणाल्या, आणि हे बोलताना त्यांच्या लक्षात आलं की आपण आजवर सांगतच आलो. त्याच्याकडे मागितलं कधी नाही. मागावं लागेल अशी वेळच येऊ दिली नाही. सिंधूसमोर उंच राहायचं म्हणून जी पुण्याई रचली, तिनंच आज त्यांच्याकडून एका बाईची प्रभूकडे जायची वाट अडवली होती. शेषेरावांचं पाप शेषेरावांचं होतं, त्यात विमलबाईंचा वाटा नव्हता. पण हे अर्ध्या वाक्याचं खोटं पुरतं त्यांचं होतं. ते झाकायला त्यांच्याजवळच्या इतक्या वर्षांच्या चांगुलपणातलं एक चिरगूटसुद्धा पुरत नव्हतं.

“माझ्याजवळ काहीच न्हाई, प्रभू,” त्या म्हातारीच्या डोक्यावरचा हात न काढता म्हणाल्या. “तुझं तेवढं दे. तुझं चांगलं वागणं माझ्यावर घाल. न्हाईतर मी उघडी हाय.”

धुरपताबाईला वाटलं ही आपल्यासाठीच प्रार्थना करतेय. तिनं मोठ्यानं “आमेन” म्हटलं.

विमलबाई तिथून थेट मेसवर गेल्या. जेवणाची वेळ टळली होती, बाया भांडी घासत होत्या. सिंधू ओल्या हातानंच उठली.

“मी पाळकांना अर्धंच सांगितलं,” विमलबाई उभ्याउभ्याच म्हणाल्या. “तू सुखात होतीस एवढंच सांगितलं. पुढचं गिळलं. म्हणून तुझा बाप्तिस्मा अडला.”

“मला वाटलंच होतं,” सिंधू म्हणाली.

“वाटलं होतं? मग बोलली का न्हाईस?”

“काय तोंडानं बोलू, बाई? तुमचं एवढं घेतलं मी. म्हटलं, तुम्ही माझं एवढं घेतलं तर घेऊ द्या. मी तेवढंच मागं बसून काढावं. तेवढं तरी फिटंल.”

“तसं फिटत न्हाई!” विमलबाई ओरडल्या. पुन्हा एकदा बाया वळून पाहायला लागल्या. “मागं बसून काय फिटतं? जन्मभर पुढं बसून माझं फिटलं न्हाई, तुझं मागं बसून फिटंल? ते त्यानं फेडलंय, तू कोण फेडणारी?”

बोलल्या आणि त्यांचं त्यांनाच ऐकू आलं. पुढच्या बाकावरून इतकी वर्षं मान हलवून जे ऐकलं ते पहिल्यांदाच त्यांच्या तोंडून बाहेर पडलं होतं, तेही ह्या बाईसाठी, तेही रागानं. त्या खाली बसल्या. सिंधू पाण्याचा तांब्या घेऊन आली. विमलबाईंनी ते पाणी घेतलं. सिंधू रडत होती. विमलबाई रडल्या नाहीत, पण उठायला त्यांना बराच वेळ लागला.

पाळकांना त्यांनी त्याच दिवशी सांगितलं. पाळक म्हणाले, माझ्यापाशी सांगितलंत, पुरे आहे. विमलबाई म्हणाल्या, “न्हाई साहेब. तिला मंडळीसमोर बसवून ठेवलं, तर मलाबी मंडळीसमोरच बोलू द्या.” रविवारी त्या उठून उभ्या राहिल्या. दोन-चार वाक्यांतच बोलल्या. बाक करकरले, कुणीतरी च्च म्हणालं. महिला मंडळाचं अध्यक्षपद त्यांनी सोडलं. नको नको म्हणणाऱ्या बाया होत्या, तशा त्या आठवड्यात वाटेत दिसल्यावर दुसऱ्या अंगानं जाणाऱ्याही होत्या. आजवर कुणी त्यांच्याकडे बोट दाखवलं नव्हतं. आता दाखवत होते, आणि ते सोसायला अवघड गेलं. एक-दोनदा तर वाटलं, काय गरज होती? मग धुरपताबाईच्या खोलीतली ती प्रार्थना आठवायची आणि पाय पुन्हा जमिनीला लागायचे.

सिंधूचा बाप्तिस्मा पावसाळा सरल्यावर झाला. करुणा औशाहून लेकराला घेऊन आली होती. पाळक शरणप्पांनी सिंधूच्या डोक्यावर पाणी घातलं तेव्हा मंडळीनं गाणं धरलं, आणि सिंधू आपल्या सवयीप्रमाणे एक ओळ मागून म्हणत राहिली. विमलबाईंना राग यायला हवा होता. आलाही थोडासा. त्यानंतर प्रभुभोजन होतं. रांगेत नेमकी सिंधू त्यांच्या शेजारी आली. दोघींनी गुडघे टेकले, कोपराला कोपर लागलं. त्या क्षणीसुद्धा विमलबाईंच्या मनात आलं, ह्याच हातांनी तिनं माझ्या माणसाला भरवलं असेल, ह्याच हातांनी तोंड पुसलं असेल. हेवा गेला नव्हता. तो त्यांच्याबरोबर गुडघे टेकूनच बसला होता. पूर्वी अशा वेळी त्यांनी तो दडवला असता. आज त्यांनी तो तसाच, मनातल्या मनात, प्रभूसमोर ठेवला. हे घे. हे माझं आहे. भाकर मात्र तुझी दे. पाळकांनी भाकरीचा तुकडा आधी सिंधूच्या हातावर ठेवला, मग त्यांच्या. दोन्ही तुकडे एकाच भाकरीचे होते.

भक्ती संपल्यावर सगळे बाहेर आले. सिंधू ओल्या केसांनी लिंबाखाली उभी होती. कुणी हात जोडत होतं, कुणी लांबूनच बघत होतं. करुणा लेकराला कडेवर घेऊन पायरीवर घुटमळत होती. तिची नजर एकदा आईकडे जायची, एकदा लिंबाखाली. कुणाकडे आधी जावं तिला कळत नव्हतं.

विमलबाईंनी ते पाहिलं. त्या लेकीजवळ गेल्या.

“तुझ्या पप्पांचं तिनं केलं,” त्या म्हणाल्या. “जा, तिला आधी भेट.”

“आई...”

“जा म्हटलं ना. पोरगं दे माझ्याजवळ.”

करुणा लिंबाकडे गेली, सिंधूनं तिचा हात हातात घेतला. विमलबाई बघत राहिल्या. नातू रडायला लागला तेव्हा त्याला खांद्यावर घेऊन त्या हळूहळू अंगणात फिरायला लागल्या. एका फेरीत लिंबापासून लांब गेल्या, पुढच्या फेरीत थोड्या जवळ.